नाशिकच्या कड्यांवर प्रस्तरारोहण: सुट्या दगडांचा धोका ओळखण्याची आणि टाळण्याची सविस्तर पद्धत

नाशिक जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेवर प्रस्तरारोहणासाठी सुळक्यांची आणि कड्यांची वानवा नाही. अंजनेरीजवळचे नवरा-नवरी सुळके, हरिहरचा स्कॉटिश कडा, मनमाडजवळची हडबीची शेंडी, इगतपुरीच्या बाजूचे अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे अशी नावे सह्याद्रीत चढाई करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. या जागांविषयी बोलताना चढाई किती अवघड आहे, दोर किती लागतो, बोल्ट कुठे आहेत याची चर्चा भरपूर होते. पण कडा मुळात किती पक्का आहे, कोणत्या भागातून दगड सुटतात आणि चढाईच्या काळात खाली थांबलेली माणसे नेमकी कुठे उभी असतात, याची चौकशी फार कमी जण करतात. चढणारा निदान कातळाकडे पाहत असतो. पायथ्याशी सॅक टाकून, हेल्मेट काढून, पाठ भिंतीला टेकून डबा खाणाऱ्याचे लक्ष मात्र वर नसते, आणि दगडाच्या वाटेत बहुतेक वेळा तोच बसलेला असतो.

हा लेख ज्यांना हार्नेस (दोर बांधण्याचा कमरेचा पट्टा), बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणे) आणि रॅपलिंगची (दोरावरून खाली उतरण्याची) प्राथमिक ओळख आहे अशांसाठी आहे. त्यातील प्रत्येक सूचनेमागे एकच विचार आहे: अमुक दगड अमुक दिवशी सुटेल असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, मात्र तो सुटला तर त्याच्या वाटेत किती माणसे आणि किती वेळ असतील हे पूर्णपणे आपल्या हातात असते. म्हणून कड्याची पाहणी जितकी महत्त्वाची, तितकीच आपल्या उभे राहण्याच्या जागेची निवडही महत्त्वाची आहे.

आपला कातळ कसा घडला आहे

नाशिकचे डोंगर दख्खनच्या लाव्हाचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून बेसॉल्टचे हे डोंगर तयार झाले. सगळे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट, काळसर आणि टणक आहेत; त्यांचे सरळसोट कडे होतात आणि चढाई बहुतेक त्यांवरच होते. काही थरांत लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरली. पांडवलेणीच्या आसपासच्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक अशाच पोकळ्यांतले आहेत. हा सच्छिद्र थर पावसापाण्याने लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि त्या उंचीवर डोंगराला उताराचा टप्पा पडतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल, मातकट पट्टा दिसतो. एका लाव्हाप्रवाहानंतर दुसरा येईपर्यंतच्या काळात कुजलेल्या पृष्ठभागाचा हा पट्टा असतो आणि तो नखाने उकरता येईल इतका मऊ असू शकतो.

चढाई करणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचे दोन परिणाम फार महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, लाल किंवा सच्छिद्र थर आत झिजत गेला की त्याच्यावरचा टणक कातळ बाहेर लटकतो. बेसॉल्टमध्ये थंड होतानाच उभे सांधे पडलेले असल्यामुळे हा लटकणारा भाग ठोकळ्या-ठोकळ्यांनी सुटतो. दुसरा असा की, दोन कड्यांमधल्या उताराच्या टप्प्यावर वरून पडलेले दगड साचून राहतात. पायथ्यावरून हा टप्पा दिसत नाही, पण पाऊस, वानरांची टोळी, चरणारी शेळी किंवा वरच्या वाटेने जाणारा ट्रेकर यांपैकी कोणीही तिथला दगड हलवला तर तो थेट खालच्या कड्यावरून सुटतो. खालची भिंत कितीही पक्की असली तरी अशा दगडापासून ती आपल्याला वाचवत नाही.

धोडपसारख्या ठिकाणी लाव्हाच्या आडव्या थरांना छेदून उभी राहिलेली भिंत दिसते, तिला डाइक म्हणतात. डाइकमध्ये सांधे बहुधा भिंतीला काटकोनात म्हणजे आडवे असतात, त्यामुळे तिथे रचलेल्या लाकडांसारखे दिसणारे दगड सरळ बाहेरच्या दिशेने ओढले जाऊ शकतात. तिथे पकडी मोठ्या आणि सोप्या वाटतात; त्या जपूनच वापराव्यात.

या भागातील किल्ल्यांवर आणखी एक कारण आहे आणि ते माणसाने केलेले आहे. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जच्या मोहिमेत हे किल्ले इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्यानंतर अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या व वाटा सुरुंग लावून उडवण्यात आल्या. अलंग, मदन आणि कुलंग येथे आज ज्या तुटलेल्या टप्प्यांवर दोर लावावा लागतो, त्यांच्या आजूबाजूचा कातळ स्फोटांनी आतपर्यंत तडकलेला असू शकतो हे लक्षात ठेवून तिथली प्रत्येक पकड तपासली पाहिजे. सध्याच्या काळात डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणीचे सुरुंग चालू असतील, तर त्या दिवसांत त्या कड्याखाली थांबू नये.

घरूनच ठरवायच्या गोष्टी

सर्वांत आधी हंगाम. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट पडतो. शहरात पाऊस उघडून कडक ऊन पडले म्हणजे कडा सुकला असे होत नाही. पृष्ठभाग कोरडा दिसत असला तरी पठारावर मुरलेले पाणी फटींतून झिरपत राहते, फटीतल्या मातीला फुगवते आणि ठोकळ्यामागे दाब निर्माण करते. त्यामुळे जून ते सप्टेंबर चढाई पूर्ण बंद ठेवावी आणि पावसाळ्यानंतरही भिंतीवरच्या ओलीच्या रेघा सुकेपर्यंत थांबावे. माझ्या मते त्र्यंबक-इगतपुरीच्या उंच भिंतींना नोव्हेंबरच्या आधी हात लावण्याची घाई करू नये. अवकाळी पाऊस झाला तर त्यानंतरचे काही दिवस पावसाळ्यासारखेच धरावेत. बेत पुढे ढकलल्याने काही बिघडत नाही.

हंगामाची पहिली चढाई वेगळ्या काळजीने करावी लागते. चार महिन्यांच्या पावसाने कोणते दगड सैल केले आहेत याची परीक्षा अजून झालेली नसते, म्हणून ती चढाई लहान आणि अनुभवी गटाने करावी. नवशिक्यांचे शिबिर त्याच भिंतीवर त्या दिवशी ठेवू नये.

दिवसाची वेळही विचारात घ्यावी. हिवाळ्यात नाशिकला पहाटे हुडहुडी भरवणारी थंडी आणि दुपारी चटका देणारे ऊन असते. ऊन लागलेला कातळ प्रसरण पावतो, रात्री आकुंचतो. अमेरिकेतील योसेमिटी दरीत ग्रॅनाइटच्या भिंतीपासून सुटत आलेल्या एका पातळ पापुद्र्यावर मोजमापे घेण्यात आली. तो दिवसाच्या उष्णतेने भिंतीपासून सुमारे एक सेंटिमीटर दूर सरके आणि रात्री परत येई, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपला बेसॉल्ट वेगळा आहे, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या पातळ पापुद्र्यांपासून भर दुपारी दूर राहावे, इतका धडा त्यातून घेता येतो. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळी, पूर्वेकडची भिंत दुपारनंतर चढावी. उन्हाचा त्रासही त्यामुळे कमी होतो.

याच टप्प्यावर परवानगीची चौकशी करावी. अंजनेरीचा परिसर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. त्यांचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपल्या चढाईचा हंगाम. घरटी असलेल्या कड्याला पूर्ण वगळावे. हा पक्ष्यांच्या रक्षणाचा प्रश्न आहेच, शिवाय कड्याच्या कोनाड्यातून अचानक मोठा पक्षी उडाला की दगड सुटतात आणि चढणाऱ्याचा तोलही जातो. आग्या मोहोळाची चौकशी गावात हमखास करावी. गावकऱ्यांना पोळी कुठे आहेत हे अचूक माहीत असते आणि गेल्या पावसात कोणत्या बाजूची दरड आली हेही तेच सांगतात.

लांबून पाहणी

कड्याच्या अगदी खाली गेल्यावर कडा दिसत नाही, म्हणून पाहणी दोनशे-तीनशे मीटरवरून, शक्य असल्यास दुर्बिणीने करावी. नजर माथ्यापासून खाली आणावी. माथ्यावर मुरमाचा उतार आहे का, त्यावर सुटे दगड आहेत का, वर पायवाट आहे का, हे आधी पाहावे. मग रंग पाहावा. जुना बेसॉल्ट करडा-तपकिरी असतो, त्यावर दगडफुलाचे फिकट ठिपके असतात. ताजा फुटलेला भाग निळसर-काळा, स्वच्छ आणि धारदार कडांचा दिसतो. असा ताजा व्रण दिसला तर तिथून दगड गेला आहे एवढेच कळत नाही. ज्याला त्या दगडाचा आधार होता, तो वरचा आणि बाजूचा भाग आता निराधार आहे, हे खरे कळण्यासारखे असते.

योसेमिटीतीलच एल कॅपिटन या भिंतीवर २७ सप्टेंबर २०१७ रोजी दगड कोसळून पायथ्याजवळ एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भागातून त्याहून मोठा भाग खाली आला. एकदा पडून गेले म्हणजे कडा मोकळा झाला, असा समज आपल्याकडेही ऐकू येतो. तो घातक आहे.

व्रणांनंतर फटी पाहाव्यात. उभी फट आणि तिच्या तळाशी आडवी फट किंवा लाल पट्टा असे एकत्र आले की ठोकळा तीन बाजूंनी मोकळा झालेला असतो. फटीतून पिंपळ, वड किंवा उंबर उगवला असेल तर मूळ दरवर्षी जाड होत जाते आणि फट रुंदावते. हिरवे झाड दिसले की चढाई करणाऱ्याला आधार सापडल्यासारखा वाटतो, पण त्याच झाडाने शेजारचा ठोकळा सोडवत आणलेला असू शकतो. भिंतीवरच्या काळ्या ओलसर रेघा, पांढरे क्षारांचे ओघळ आणि घळींची तोंडे यांची नोंद करावी. घळ, म्हणजे ट्रेकर जिला नाळ म्हणतात ती, दगडांची नैसर्गिक पन्हळ आहे. तिच्या तोंडाशी कधीही थांबू नये.

पायथा वाचणे

माझ्या अनुभवात सर्वांत विश्वासार्ह माहिती भिंतीवर नसते, ती पायथ्याच्या घसाऱ्यात असते, आणि ती वाचायला पंधरा मिनिटे पुरतात.

अंजनेरीच्या पायथ्याशी एका भिंतीखाली कारवीची दाट झुडपे होती. त्यांतून चालताना कारवीचे काही दांडे कमरेइतक्या उंचीवर एकाच दिशेला मोडलेले दिसले. मोडलेल्या टोकांचा आतला भाग अजून ओलसर आणि फिकट होता. त्याच रेषेत चार पावले खाली मातीत बशीएवढा खड्डा होता, त्याच्या कडेला गवताची पाती मुळासकट उलटलेली होती, आणि आणखी खाली एका जुन्या शेवाळलेल्या शिळेवर पांढुरका ओरखडा होता. दगड स्वतः पुढे झाडीत अडकला होता: विटेपेक्षा थोडा मोठा, तीन बाजूंनी तपकिरी आणि चौथ्या बाजूने निळसर-काळा. तपकिरी बाजूंवर चिकटलेल्या कोरड्या मातीत बारीक मुळ्यांचे जाळे होते, म्हणजे तो मुळे शिरलेल्या फटीतून सुटला होता. एवढ्या खुणांवरून तो गेल्या एक-दोन दिवसांत आला, कोणत्या रेषेने आला आणि वर पाहायचे तर झाड उगवलेल्या फटीकडे पाहायचे, हे सगळे कळले. त्या दिवशी ती भिंत सोडून दिली.

अशी पाहणी प्रत्येक ठिकाणी करावी. ज्या दगडांच्या कडा बोथट झाल्या आहेत, ज्यांवर शेवाळ किंवा दगडफूल आहे, ज्यांच्या भोवती गवत वाढले आहे, ते जुने. गवताच्या किंवा पाल्याच्या वर येऊन पडलेले, धारदार, एका बाजूने ताजे असे दगड नवे. नवे दगड कुठे दाट आहेत हे पाहून भिंतीवरची धोक्याची रेषा ठरवावी आणि सर्वांत लांब गेलेला दगड शोधावा. चांगला मोठा दगड उतारावर उसळ्या घेत बराच लांब जातो. सॅक, पाणी आणि न चढणारी माणसे त्या सर्वांत लांबच्या दगडाच्याही पलीकडे, शक्यतो एखाद्या सोंडेच्या आडोशाला ठेवावीत. मुक्काम करायचा असेल तर हाच नियम अधिक काटेकोरपणे पाळावा, कारण झोपलेल्या माणसाला आरोळी ऐकून हलता येत नाही.

हेल्मेट काय करू शकते

पायथ्याच्या टप्प्यात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने हेल्मेट घालावे आणि त्या टप्प्याबाहेर येईपर्यंत काढू नये. त्यात बिले देणारा, फोटो काढणारा आणि पाहायला आलेला पाहुणा हे सगळे आले. मात्र हेल्मेटची मर्यादा आकड्यांत समजून घ्यावी. गिर्यारोहणाच्या हेल्मेटच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन १२४९२ मध्ये, ५ किलोचे गोलसर वजन २ मीटरवरून हेल्मेटवर टाकून चाचणी घेतात. त्याची ऊर्जा साधारण १०० ज्यूल होते. अर्ध्या किलोचा दगड २० मीटरवरून पडला तर त्याचीही ऊर्जा जवळजवळ १०० ज्यूलच असते. म्हणजे मूठभर आकाराचा दगड जेमतेम एका दोराच्या अर्ध्याहून कमी उंचीवरून आला, की हेल्मेट आपल्या चाचणीच्या पातळीला पोहोचले. २० मीटर खाली यायला दगडाला दोन सेकंद लागतात आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. ४५ मीटरवरून तीन सेकंदांत तो ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. विटेएवढ्या दगडापुढे हेल्मेट आपल्याला वाचवेल अशी अपेक्षा करू नये. दुचाकीचे किंवा बांधकामावरचे हेल्मेट तर या कामाचे नाहीच.

बिलेची जागा

बिले देणाऱ्याने चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये. पडणीच्या रेषेपासून दोन-तीन मीटर बाजूला, भिंतीच्या जवळ, वर एखादा पक्का बाहेर आलेला कातळ असेल तर त्याच्या आडोशाला जागा घ्यावी. भिंतीपासून फार मागे गेल्यास दोर तिरका होतो आणि चढणारा पडला की बिलेवाला ओढला जातो. शिवाय दगड भिंतीवर आपटून बाहेरच उसळतात. बाजूला सरकण्याइतकी मोकळीक ठेवावी, मात्र सुळक्याच्या अरुंद खांद्यावर किंवा खिंडीत उभे असाल तर स्वतःला अँकरला, म्हणजे कातळात दोर बांधण्यासाठी केलेल्या पक्क्या आधाराला, बांधून घ्यावे. सुट्या दगडांच्या भिंतीवर आपोआप पकडणारे बिले उपकरण वापरणे मी अत्यावश्यक मानतो: बिलेवाल्याला दगड लागून त्याचा हात सुटला तर साध्या उपकरणात चढणाऱ्याचा दोरही सुटतो आणि एका दगडात दोघे जातात. अनेक टप्प्यांच्या चढाईत पुढच्या टप्प्याची रेषा बिलेच्या जागेवरून जात नाही ना, हे अँकर ठोकण्यापूर्वीच पाहावे. एकाच मार्गावर एका मागोमाग दुसरी टीम कधीही घालू नये. आधीची टीम वर असेल तर बाजूला बसून वाट पाहावी, नाहीतर दुसरा मार्ग धरावा.

चढताना पकड तपासणे

मडके घेताना वाजवून घेतात, तशी संशयास्पद पकड वाजवून घ्यावी. तळहाताच्या टाचेने किंवा बोटांच्या पेरांनी ठोकावे. पक्का कातळ टणक, बारीक आवाज देतो आणि मागे पोकळी असेल तर भरड, घुमणारा आवाज येतो. केवळ कानावर विसंबू नये. एका हाताचा पंजा ठोकळ्यावर सपाट ठेवून दुसऱ्या हाताने त्याच ठोकळ्यावर मारावे; पंजाला हादरा जाणवला तर ठोकळा भिंतीपासून वेगळा आहे. त्याच्या कडेची फट डोळ्यांनी पूर्ण फिरून पाहावी. फटीत माती, मुंग्यांनी बाहेर आणलेली भुकटी किंवा बारीक खडे अडकलेले असतील, तर फट खोल आहे आणि उघडत आहे. अडकलेल्या खड्यांना हात लावू नये. काही वेळा तेच ठोकळ्याला पाचरीसारखे धरून असतात.

संशयास्पद भाग टाळता येत नसेल तर पकड बाहेर ओढू नये, खालच्या दिशेनेच भार द्यावा, आणि तोही एकदम नाही. भार तीन ठिकाणी वाटलेला असावा, म्हणजे चौथी जागा सुटली तरी शरीर जागेवर राहते. पाय टाकताना काळजी अधिक घ्यावी, कारण आपण हाताखालचा दगड पाहतो पण पायाने मागे ढकललेला दगड आपल्याला दिसतच नाही. माथ्यावर पोहोचताना ही चूक सर्वाधिक होते. कातळ संपून मुरूम आणि वाळलेले गवत लागते, चढणारा सुटकेचा निःश्वास टाकून गुडघ्यांवर रेलतो आणि एक ओंजळभर खडी खालच्या सोबत्यांवर सोडतो. शेवटचे चार-पाच मीटर सर्वांत सावकाश चढावेत.

दोर, बोल्ट आणि मेखा

दगड पाडण्यात माणसाइतकाच दोराचा वाटा असतो. नागमोडी मार्गावर दोर घासत जातो आणि टप्प्यावरचे खडे उचकटतो, म्हणून लांब स्लिंग (पट्टीचा फास) लावून दोर सरळ ठेवावा आणि सुट्या दगडांच्या टप्प्यावरून तो बाजूला वळवावा. टप्प्यावर दोराची वेटोळी टाकू नयेत.

बोल्ट किंवा मेख किती घट्ट बसली आहे यापेक्षा ती कशात बसली आहे हा प्रश्न आधी विचारावा. सुटत आलेल्या ठोकळ्यात मारलेला चकाकणारा नवा बोल्टसुद्धा ठोकळ्यासकट बाहेर येतो. फुगून बसणारा बोल्ट आणि फटीत ठोकलेली मेख दोन्ही कातळाला बाहेर दाब देतात, त्यामुळे पापुद्र्याच्या किंवा ठोकळ्याच्या कडेजवळ ती मारू नयेत. सच्छिद्र, मऊ थरात नाइलाजाने अँकर करावाच लागला, तर रसायनाने चिकटवायचे लांब बोल्ट अधिक योग्य ठरतात. अँकरचे दोन्ही बिंदू एकाच ठोकळ्यात घेणे म्हणजे एकच बिंदू घेण्यासारखे आहे. मधली फट ओलांडून ते वेगवेगळ्या पक्क्या कातळात घ्यावेत. आपल्या पावसात लोखंड लवकर गंजते. गंजाचे तपकिरी ओघळ उतरलेला, हाताने फिरणारा किंवा भोवतीचा कातळ ताऱ्यासारखा तडकलेला जुना बोल्ट वापरू नये, मग तो कितीही नावाजलेल्या मार्गावर असो.

उतरताना

चढाई यशस्वी झाल्यानंतरचा ढिलेपणा रॅपलिंगमध्ये महागात पडतो. दोर खाली फेकण्याआधी आरोळी द्यावी आणि खालून होकार आल्याशिवाय फेकू नये. पहिल्या माणसाने उतरताना दोराच्या वाटेतले सुटे दगड पाहून बाकीच्यांना सांगावेत. उतरलेल्याने तिथेच थांबून गप्पा मारू नयेत, लगेच रेषेबाहेर जावे. सर्वांत धोक्याचा क्षण शेवटी दोर ओढण्याचा असतो. दोराचे टोक अँकरमधून सुटून सपकन खाली येते आणि वाटेतल्या खड्यांना चाबकासारखे झोडपते. ओढणाऱ्याने हेल्मेट घालून, शक्य तितके बाजूला उभे राहून, नजर वर ठेवून ओढावे. बाकी सगळे आधीच दूर गेलेले असावेत.

सुटा दगड सापडल्यावर

बहुतेकांना तो पाडून टाकावा असे वाटते. बहुतेक वेळा तो पाडू नये. खाली कोण आहे हे वरून नीट दिसत नाही. लाकूडफाटा गोळा करणारी बाई, गुराखी, चुकून त्या बाजूला आलेले ट्रेकर यांपैकी कोणीही झाडीत असू शकते. शिवाय एका दगडामागे किती दगड टेकलेले आहेत हे पाडल्यावरच कळते. दगडावर खडूने ठळक फुली मारावी, मागून येणाऱ्याला बोलून सांगावे आणि बाजूने जावे. मार्ग कायम वापरात असल्यामुळे सफाई करावीच लागत असेल, तर ती चढाईचा दिवस सोडून वेगळ्या दिवशी, वन विभागाला आणि गावाला कळवून, पायथ्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी करून आणि वरून दोरावर उतरत माथ्याकडून खाली अशी करावी. किल्ल्याचा कोरीव भाग, पायऱ्या, तटबंदी यांच्या जवळ अशी सफाई स्वतःच्या अधिकारात करूच नये.

हरिहरच्या कोरीव पायऱ्यांसारख्या गर्दीच्या ठिकाणी हा प्रश्न वेगळे रूप घेतो. तिथे रविवारी माणसांची रांग लागलेली असते आणि वरच्याच्या हातून सुटलेली भरलेली पाण्याची बाटलीही खालच्यासाठी दगडच असते. अशा दिवशी त्या रांगेखालच्या भागात दोराची चढाई करू नये.

दगड आलाच तर

पाहणाऱ्याने किंवा पाडणाऱ्याने पोटातून ओरडावे: ‘दगड! दगड!’ लहान खडा असला तरी ओरडावे, संकोच करू नये, आणि दगड थांबेपर्यंत ओरडत राहावे. आरोळी ऐकताच भिंतीलगत असलेल्याने तोंड वर करू नये. भिंतीला चिकटावे, खांदे आत घ्यावेत, मान आखडून हेल्मेटखाली घ्यावी, पाठीवर सॅक असेल तर ती मानेवर घ्यावी. जो भिंतीपासून दूर आहे आणि ज्याला दगड स्पष्ट दिसतो, त्याने मात्र पाहून, शेवटची उसळी कळल्यावर बाजूला व्हावे. आधीच धावत सुटल्यास माणूस दगडाच्या वाटेतच जातो. बिलेवाल्याने काहीही झाले तरी दोराचा ब्रेकचा हात सोडायचा नाही, हे चढाईपूर्वी त्याच्याकडून वदवून घ्यावे.

आवाज थांबला की प्रत्येकाने नाव घेऊन ‘ठीक’ असे सांगावे. मग दोर तपासावा: तो बोटांमधून इंच-इंच सरकवत कुठे आवरण फाटले आहे, कुठे आतला गाभा मऊ किंवा चपटा लागतो हे पाहावे. शंका आली तर तो दोर त्या दिवशी चढाईला वापरू नये. हेल्मेटला मोठा मार बसला असेल तर बाहेरून तडा दिसत नसला तरी ते बाद करावे.

कोणाला लागले असेल तर आधी सर्वांना, आणि मानेची काळजी घेत जखमीलाही, दगडांच्या वाटेबाहेर हलवावे, प्रथमोपचार त्यानंतर. वाहते रक्त दाबून थांबवावे. दोरावर बेशुद्ध लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली घ्यावे, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकणे स्वतःच जीवघेणे ठरते. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, वाढती सुस्ती, असंबद्ध बोलणे, लहान-मोठ्या बाहुल्या, कानातून किंवा नाकातून येणारे पाण्यासारखे द्रव यांपैकी काहीही दिसले तर वेळ दवडू नये. यातले काहीही दिसत नसले आणि जखमी ‘मी बरा आहे’ म्हणत असला, तरी त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात दाखवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, पण कड्याखाली अनेकदा रेंज नसते. म्हणून रेंज कुठे मिळते ही जागा सकाळीच शोधून ठेवावी, राज्यातील गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक फोनमध्ये भरून ठेवावा, आणि पायथ्याच्या गावातील एका माणसाला आपण कोणत्या भिंतीवर आहोत, किती जण आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येऊ, हे सांगून निघावे. जखमीला खाली न्यायची वाट सर्वांत आधी गावातल्यांनाच ठाऊक असते.

नोंद ठेवणे

एका भिंतीवर वर्षानुवर्षे जाणाऱ्या संस्थांनी फटींवर लक्ष ठेवावे. त्यासाठी साधे साधन पुरते: संशयित फटीवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर रुंद, पातळ पट्टा लावावा, त्यावर तारीख लिहावी. पुढच्या भेटीत पट्टा तडकलेला दिसला तर फट हलली आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना खूण करून पट्टीने अंतर मोजले आणि तिथला फोटो प्रत्येक वेळी एकाच जागेवरून काढला, तर दोन हंगामांतला फरक डोळ्यांना दिसतो. पट्टा लावताना ठोकळ्याखाली उभे राहू नये, दोरावर बाजूने यावे. ताजा व्रण, पडलेल्या दगडाचा अंदाजे आकार, तारीख, वेळ, आदल्या दिवसांतला पाऊस आणि भिंतीचा नेमका भाग एवढे लिहून ते फोटोसह शहरातील इतर गिर्यारोहण संस्थांना, वन विभागाच्या स्थानिक कार्यालयाला आणि पायथ्याच्या ग्रामपंचायतीला त्याच आठवड्यात पाठवावे, म्हणजे येत्या रविवारी तिथे जाणाऱ्या टीमला ती माहिती निघण्यापूर्वी हाती असेल.